त्याला बालगुन्हेगार म्हणू नकोस, कायदाही म्हणत नाही

हे पत्र एका आईचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

"मावशी, माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे. आठ दिवसांपूर्वी त्याने आणि त्याच्या ओळखीच्या एका बावीस वर्षांच्या मुलाने गाडीवरून जाताना एकाच्या हातातला मोबाइल हिसकावला. गाडी तो मोठा चालवत होता, हात माझ्या पोराने घातला. चाकूबिकू काही नव्हतं, कुणाला लागलं नाही. दोघंही पकडले गेले. माझ्या मुलाला दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळासमोर नेलं, जामीन मिळाला, आता घरी आहे. त्याचे बाबा त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत, 'माझ्या घरात बालगुन्हेगार नको' एवढंच म्हणाले. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला. परवा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येणारेत. दीर म्हणतात त्यांना सांगा की आमचा नुसता मागे बसला होता, आणि मग पोराला लांब मामाकडे पाठवून द्या. तो जेलमध्ये जाईल का? शिक्का आयुष्यभर राहणार का? दोन महिने कॉलेजलाही जात नव्हता हे मला आत्ता कळलं. मी कुठे कमी पडले?"

अगं, आधी एक कर, पाणी पी आणि पोटात काहीतरी ढकल, कारण तू आठ दिवस धड जेवली नाहीयेस हे तुझ्या पत्रातून दिसतंय.

तुझ्या सगळ्या प्रश्नांमध्ये मला सगळ्यात जास्त टोचला तो त्याच्या बाबांचा शब्द, त्यामुळे तिथूनच सुरू करते. बालगुन्हेगार हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की तो कायद्यातलाच आहे असं वाटतं. एकेकाळी तसा होताही, १९८६ च्या कायद्यात इंग्रजीत डेलिंक्वंट असाच शब्द होता, आणि तेव्हा मुलगा सोळा पूर्ण झाला की कायद्याने मोठा धरला जायचा, मुलींना अठरापर्यंत होतं. २००० साली कायदा नवीन आला तेव्हा तो शब्द काढला आणि मुलगा मुलगी दोघांनाही अठरा केलं. आता जो लागू आहे तो २०१५ चा बाल न्याय कायदा, त्यात तुझ्या मुलासारख्याला विधीसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. शब्द जड आहे मान्य, पण नीट बघ, त्यात गुन्हेगार कुठेच नाहीये. कायद्याशी संघर्ष झालेलं मूल, एवढंच. आणि हे चुकून झालेलं नाही, त्या कायद्याच्या तत्त्वांमध्येच लिहिलंय की मुलाबद्दल आरोपी, गुन्हेगार असे शिक्का मारणारे शब्द वापरायचे नाहीत. न्यायाधीश जो शब्द वापरत नाहीत तो घरात वापरला जातोय, आणि तोही बापाच्या तोंडून, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आता जेलचं. नाही, तो जेलमध्ये जाणार नाही. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला पोलिसांच्या लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही, आणि वय धरतात ते घटना घडली त्या दिवशीचं, केस चालू असताना तो अठराचा झाला तरी फरक पडत नाही. म्हणून त्याचा शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट हाताशी ठेव, वयाचा प्रश्न आला तर आधी तेच बघतात, ते नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच मेडिकल टेस्ट. चोवीस तासांच्या आत मंडळासमोर न्यायचं बंधन आहे, ते तुमच्या बाबतीत पाळलं गेलं. जामीन तर मुलांच्या बाबतीत द्यायचाच असतो, गुन्हा जामीनपात्र असो नसो. नाकारायचा तर तीनच कारणं, सुटल्यावर तो माहीत असलेल्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःलाच धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, आणि ते कारण लेखी द्यावं लागतं. हे पहिलं कारण लक्षात ठेव, पुढे परत येणार आहे.

तुझ्या मनात अजून एक भीती असणार, सोळा वर्षांवरच्यांना मोठ्यांसारखं चालवतात असं टीव्हीवर ऐकलं असशील. ते फक्त निर्घृण गुन्ह्यांसाठी, म्हणजे ज्यात कायद्याने कमीत कमी शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे. भारतीय न्याय संहितेत हिसकावण्याला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या हिशोबात हा किरकोळ गुन्हा झाला. किरकोळ म्हणजे ज्याचा मोबाइल गेला तो माणूस घाबरला नाही असं नाही गं, हे फक्त कायद्याचं वर्गीकरण. तरी कागदावर नक्की कुठलं कलम लावलंय ते वकिलाकडून बघून घे, मी फक्त तुझ्या पत्रावरून बोलतेय. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मुलांना तिथे वकील फुकट मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असलं तरी, फोनवर १५१०० लावलास तरी सांगतील.

चौकशी मंडळच करतं, मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई असतेच. चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात आणि किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण तिथेच बंद होतं. तो बावीस वर्षांचा आहे त्याची केस वेगळी, कोर्ट वेगळं, दोघांना एकत्र चालवता येत नाही. आणि हे तुझ्या वकिलाला विचारच, मुलांना हाताशी धरून बेकायदा कामं करून घेणाऱ्या मोठ्या माणसाला ह्याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. तुझ्या मुलाला कुणी वापरलं का हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. तो विचारायचा म्हणजे मुलाची चूक झाकायची असं नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता परवाचं. ह्यासाठीच मी हे उत्तर घाईने लिहायला बसले.

दिरांचं ऐकू नकोस. त्यांना वाईट म्हणत नाहीये, घाबरलेला माणूस असंच सुचवतो, पण परिविक्षा अधिकारी म्हणजे साध्या कपड्यातला पोलीस नव्हे. ते येतात ते सामाजिक तपासणी अहवाल करायला, तो त्यांना पंधरा दिवसांत मंडळाला द्यायचा असतो. त्यात काय लिहितात, तर घरी कोण कोण आहे, कमावतं कोण, भांडणं होतात का, मारहाण आहे का, मुलगा शाळेत कसा होता, कधीपासून जाणं बंद केलं, मित्र कोण, काही व्यसन लागलंय का. मंडळ पुढे मुलासाठी जे ठरवतं ते बरंचसं ह्या कागदावर उभं असतं. आणि तू त्यांना खोटी गोष्ट सांगितलीस तर मदत पण त्या खोट्या मुलाला मिळेल, तुझ्या खऱ्या मुलाला नाही.

मी काही वर्षं निरीक्षणगृहातल्या, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथल्या, मुलांशी बोलायला जायचे. तिथे मी हे परत परत बघितलंय की घरच्यांनी पढवलेलं मूल अधिकाऱ्यासमोर पाठ केलेलं बोलतं आणि मग आत जे काही आहे ते कुणालाच सांगत नाही, नंतर आईलाही नाही. मोबाइल का हिसकावला ह्याचं उत्तर तुला अजून माहीत नाहीये, पत्रात तू ते कुठेच लिहिलेलं नाहीस, बहुतेक विचारलंच नाहीस. पैसे हवे होते का, कुणाला घाबरत होता का, त्या मोठ्या मुलाचं काही देणं होतं का, की नुसतं करून दाखव म्हणाला म्हणून. हे बाहेर यायला हवं.

कबुलीचं मात्र वेगळं आहे हं. घटनेबद्दल मंडळासमोर काय म्हणायचं ते वकिलाशी बसून ठरवा, गुन्हा कबूल कर अशी जबरदस्ती त्याच्यावर कुणीच करू शकत नाही, पोलीस त्याला कुठल्याही जबाबावर सही करायला सांगू शकत नाहीत. मी फक्त म्हणतेय की खोटं रचू नका, आणि त्या पोराच्या तोंडात घालू तर अजिबात नका.

मामाकडे पाठवायचं पण आत्ता नको. जामिनावर आहे तो, तारखांना हजर राहायचंय, न विचारता लांब पाठवलंत तर पळवला असं दिसेल. खरंच तिथे वातावरण चांगलं असेल तर वकिलामार्फत मंडळालाच विचारा. पण त्या बावीसवाल्याशी संबंध आजपासून बंद, फोन, इन्स्टा, मित्राच्या मित्राकडून निरोप, सगळं. ते जामिनाचं पहिलं कारण म्हणाले ना, ते हेच.

पुढे काय होऊ शकतं तेही सांगते, म्हणजे रात्री झोप लागेल. मंडळाला तो दोषी वाटला तरी समज देऊन, समुपदेशन करून घरी सोडू शकतात, गटात समुपदेशनाला बसवू शकतात, समाजसेवेचं काम देऊ शकतात, तुम्हाला दंड भरायला लावू शकतात, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर तुमच्याच ताब्यात देऊन परिविक्षा अधिकाऱ्याची नजर ठेवू शकतात, जास्तीत जास्त तीन वर्षं. सोबत शाळा, एखादं कौशल्याचं ट्रेनिंग, व्यसन असेल तर उपचार असंही जोडतात. विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांसाठीच्या संस्थेत, ठेवणं हाही पर्याय आहे, तोही तीन वर्षांपर्यंतच, पण संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं तत्त्वच आहे. हे सगळं कागदावर जितकं सुंदर दिसतं तितकं प्रत्यक्षात नेहमी मिळत नाही, समुपदेशक कमी असतात, तारखा पुढे जातात, म्हणून तू मागत राहा. अधिकाऱ्यांना स्वतःहून सांग की मला ह्याच्यासाठी समुपदेशन हवंय आणि ह्याचं शिक्षण परत सुरू करायचंय, कॉलेज अगदीच जमत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) बारावी करता येते. आणि कॉलेज बुडवणं हा काही गुन्हा नाही बरं, काही देशांत शाळा चुकवणं, घरातून पळणं ह्यासाठीही मुलांना ज्युवेनाइल कोर्टात नेतात, आपल्याकडे तसं नाहीये.

शिक्का. दोषी ठरला तरी त्यामुळे त्याला कशातच अपात्र धरता येत नाही, अपिलाची मुदत गेली की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं, आणि प्रकरण संपल्यावर पोलिसांना चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ते उघड करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, एका उमेदवाराच्या बाबतीत हेच धरलं, अल्पवयीन असतानाच्या केसवरून नोकरी नाकारता येणार नाही.

फोटोचं काम आजच कर. अशा मुलाची ओळख उघड करणं, नाव, फोटो, पत्ता, शाळा, ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आधी स्क्रीनशॉट काढून ठेव, मग ग्रुपच्या अ‍ॅडमिनला पर्सनल मेसेज कर, शांतपणे, कायद्याचा उल्लेख करून. ग्रुपवर भांडू नकोस, त्याने फोटो अजून दहा जण बघतील.

तू कुठे कमी पडलीस हे मला माहीत नाही, आणि आत्ता त्याचा हिशोब करत बसायची वेळही नाहीये. दोन महिने तुला कळलं नाही, आता कळलंय. आजपासून बघ.

इथून पुढचं त्याच्या बाबांना वाचायला दे.

दादा, तुम्हाला लाज वाटतेय आणि भीतीही वाटतेय, आणि बापाला भीती वाटली की बऱ्याचदा तो गप्प होतो. पण तुमचा मुलगा आठ दिवस एकाच घरात राहून तुमच्यासाठी नसल्यासारखा आहे, आणि अशा मुलाला जो कुणी पहिला 'ये रे' म्हणेल त्याच्याकडे ते जातं. तो बावीस वर्षांचा मुलगा तसाच भेटला असेल. रागवा, खूप रागवा, ज्याचा मोबाइल गेला त्याच्याबद्दल विचारा, पण त्याच्याशी बोला. मंडळ पुढेमागे तुम्हालाही समुपदेशनाला बोलावू शकतं, ते अपमान म्हणून घेऊ नका. परवा अधिकारी येतील तेव्हा सुट्टी काढून घरी थांबा. आणि तारखेला बाहेर बाकावर बसायला लागतं, कधी कधी दोन-तीन तास, तेव्हा त्याच्या शेजारची जागा तुमची.