वाचकांची गाऱ्हाणी: ठप्पा, खोबरं आणि उशिरा आलेली बॅग

गुहागरहून एक ताई: आम्ही चौघं मे महिन्यात इटलीला गेलेलो, टूरवाल्यांबरोबर नाही, मुलानेच बुकिंग करून दिलं होतं. फ्लॉरेन्सहून पिसाला जाताना मशीनमधून रीतसर तिकिटं काढली तरी गाडीत टीसीने दंड केला! तिकीट समोर धरतोय आणि तो नुसती मान हलवतोय. आम्ही काय फुकटे होतो का?

ताई, फुकट्या नव्हतात, तिकिटावर ठप्पा नव्हता. तिकडच्या लोकल गाड्यांचं कागदी तिकीट ठरावीक गाडीचं नसतं, त्यामुळे चढायच्या आधी फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यायची असते. कोरं तिकीट म्हणजे परत वापरता येईल, एवढाच त्यांचा संशय. आपल्याला एसटीची सवय, कंडक्टर स्वतः सीटपाशी येतो, आपण खिडकीला रेलून बसायचं, तिकडे ते काम आपलं. सीट नंबर असलेल्या फास्ट गाड्यांना ठप्पा लागत नाही. पुढच्या वेळी विसरलात तर टीसी यायची वाट बघू नका, आपणच त्याला शोधून सांगा, ऐकला तर ऐकला. झालेला दंड मात्र परत येईल असं वाटत नाही. मी स्वतः पॅरिसात मेट्रोचं तिकीट आत शिरल्याबरोबर टाकून दिलेलं आणि बाहेर पडायच्या आधी चेकर उभे. बायकोने नंतर जे ऐकवलं त्यापुढे दंड काहीच नाही.

देवगडहून एक आजोबा: लेकीकडे सिंगापूरला जाताना मुंबई विमानतळावर मोठी बॅग उघडून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या. घरच्या माडाचे नारळ! बॉम्ब आसा काय तो?

आजोबा, बॉम्ब नाय, पण पेट घेऊ शकतं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, आपण घाण्यावर नेतो ते त्यासाठीच ना, कोंदट जागेत ऊब साठत गेली की ते आपोआप पेटू शकतं म्हणून जगभरच्या नियमांत खोबरं धोकादायक मालात धरलंय, यूएन 1363 असा त्याला नंबरपण आहे. सिंगापुरात नारळाला तोटा नाही, लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटात लेकीला सगळं मिळेल. मला जास्त काळजी तुमच्या पत्रातल्या पुढच्या ओळीची वाटते, दिवाळीला अनारसे नेणार म्हणताय. त्यावरची खसखस! अफूच्याच झाडाचं बी ते, सिंगापूर आणि दुबई दोन्हीकडे त्यावर बंदी आहे आणि तिथे अमली पदार्थांच्या बाबतीत कोणी थट्टा करत नाही. खसखशीशिवाय करायला सांगा, किंवा चकल्या न्या.

चिपळूणहून एक वाचक: झुरिकला उतरलो, बॅग आलीच नाही, चौथ्या दिवशी हॉटेलवर आली. अंगावर सुती शर्ट, पायात सँडल, म्हणून जॅकेट-बूट विकत घ्यावे लागले. आता एअरलाईन म्हणते बॅग मिळाली ना, विषय संपला.

विषय संपलेला नाही. 1999 चा माँट्रियल करार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार, अशा प्रवासाला लागू होतो, भारत 2009 पासून त्यात आहे. बॅग उशिरा आली तर हातात पडल्यापासून 21 दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची, फुटली-फाटली असेल तर 7 दिवसांतच. फोनवर कितीही भांडलात तरी ते लेखी धरत नाहीत, मेल करा. सोबत बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, विमानतळावर भरलेला पीआयआरचा (सामानाच्या तक्रारीचा) कागद आणि दुकानाची बिलं. गरजेच्या वस्तूंचे पैसे मागता येतात, दोन हजार युरोचं घड्याळ घेतलंत तर नाही. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर 2024 पासून माणशी 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, आपले दीड लाखाच्या वर, पण ती कमाल, तेवढे सरसकट मिळत नाहीत. बिलं फेकली असतील तर कार्डाचं स्टेटमेंट लावून बघा.

अंक छापून चिपळूणला पोचेपर्यंत तुमचे 21 दिवस उलटले असते, म्हणून हे सगळं तुम्हाला फोनवर आधीच सांगितलंय. मेल गेला का ते कळवा.