नवीन आरबीटीला (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन, म्हणजे वर्तन-थेरपीत मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणारा सहाय्यक) थोडं सांगतो
४० तासांचं ट्रेनिंग झालं ना, आता खरं शिकणं सुरू. मूल ओरडलं की 'हट्टी आहे' असं लिहू नकोस, आधी काय झालं, त्याने नेमकं काय केलं, नंतर लगेच काय मिळालं किंवा टळलं एवढंच लिही, आणि तेही तिथल्या तिथे, घरी जाऊन आठवून नको. निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा नाही हां, नकोसं काहीतरी टळतं म्हणून ते वागणं वाढतं, इथे भलेभले गोंधळतात. एक्स्टिंक्शनमध्ये, म्हणजे ओरडल्यावर आधी जे मिळायचं ते देणं थांबवलं की, सुरुवातीला ओरडणं काही वेळा वाढतं, तेव्हा कंटाळून हवं ते दिलंस तर पोरगं अजून जोरात ओरडायलाच शिकणार. स्वतःला इजा करत असेल तर मुलाच्या थेरपी प्लॅनमधली सेफ्टीची पायरी घे आणि सुपरवायझरला लगेच कळव. पालकांनी कितीही आग्रह केला तरी प्लॅन तू बदलायचा नाही, ते बीसीबीएचं, म्हणजे प्लॅन आखणाऱ्या सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्टचं काम.