दुकानदारांनी मोबाइलवरून टाकलेले फोटो आडवे, फिके आणि गायब का होतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या काही चादर-टॉवेल विक्रेत्यांसाठी वेबसाइट आहे. कोड पीएचपी भाषेत, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, फोटो लहान करायला पीएचपीचं जीडी हे एक्स्टेन्शन, आणि २ जीबी रॅमचं मशीन. दुकानदार मोबाइलवर फोटो काढून थेट अपलोड करतात. त्यातले काही आडवे पडतात, काही कसलाही एरर न दाखवता गायब होतात, लाल चादर फिकी दिसते, टॉवेलच्या बारीक विणीवर लाटा उमटतात आणि यादीचं पान उघडता उघडत नाही.

गायब होणारे फोटो सोडले तर बाकी सगळ्याचं मूळ एकच आहे. आलेली फाइल तुम्ही तयार माल म्हणून वापरताय किंवा घाईत कापून लावताय. आलेली फाइल म्हणजे सूत समजा. ते तपासायचं, त्यातून आपलं नवं चित्र विणायचं आणि गिऱ्हाइकाला फक्त ते नवं चित्र दाखवायचं. मूळ फाइल वेबवर कधीच उघडी ठेवायची नाही.

आधी गायब होणारे फोटो. फाइलच्या वाटेत चार दरवाजे आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी. एनजिनएक्सचं क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ (एका रिक्वेस्टची मर्यादा) मुळात १ एमबी असतं. त्यापुढे ४१३ एरर येतो आणि पीएचपीला काही कळतच नाही. पीएचपीचं अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ (एका फाइलची मर्यादा) २ एमबी, पोस्ट_मॅक्स_साइझ (पूर्ण फॉर्मची मर्यादा) ८ एमबी. मोबाइलचा फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणजे दोनतीन फोटो एकदम टाकले की ८ एमबी ओलांडले. इथे खरी गोम आहे: पोस्टची मर्यादा ओलांडली की पीएचपी फॉर्ममधली सगळी माहितीच रिकामी करून देतं. तुमच्या कोडला वाटतं की फोटो दिलाच नव्हता, आणि म्हणून एररही दिसत नाही. चौथा दरवाजा मॅक्स_फाइल_अपलोड्स, मुळात २०. दुकानदाराने २५ फोटो निवडले तर २० घेतले जातात, उरलेले ५ तुमच्या कोडपर्यंत येतच नाहीत.

मी मर्यादा अशा ठेवेन: एका फाइलला २० एमबी, पोस्टला २४, एनजिनएक्सला २५. आतली मर्यादा नेहमी बाहेरच्यापेक्षा लहान असावी, म्हणजे फाइल अडल्याची खबर तुमच्या कोडपर्यंत पोचते आणि तुम्हाला नीट संदेश दाखवता येतो. शिवाय सगळे फोटो एकाच फॉर्ममध्ये न पाठवता जावास्क्रिप्टने एकेक फोटो वेगळ्या रिक्वेस्टने पाठवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये मधेच रेंज गेली, तर पडलेला एकच फोटो पुन्हा पाठवावा लागेल. अर्धवट आलेल्या फाइलला पीएचपी एरर क्रमांक ३ देतं, तो जरूर तपासा. आणि संदेश माणसाला कळेल असा लिहा: ‘फोटो पूर्ण पोचला नाही, पुन्हा पाठवा’. तुमच्या दुकानदारांपैकी अनेकांची घरची भाषा तेलुगू असेल, तर हेच चार-पाच संदेश तेलुगूतही ठेवा. फार काम नाही, आणि फोन येणं कमी होतं.

आता तपासणी. फाइलचं नाव, एक्स्टेन्शन आणि ब्राउझर सांगतो तो प्रकार, यातल्या कशावरही भरवसा नको. तिन्ही पाठवणाऱ्याच्या हातात असतात. फाइलचे पहिले बाइट वाचा. जेपीईजी ‘एफएफ डी८ एफएफ’ने सुरू होते, पीएनजी ‘८९ ५० ४ई ४७’ने, पीएचपीत हे काम फाइलइन्फो करतं. एसव्हीजी (मजकुरात लिहिलेली चित्राची फाइल) तर घेऊच नका, तिच्यात स्क्रिप्ट लपवता येते. आयफोनचे एचईआयसी फोटो जीडीला उघडत नाहीत. फाइल निवडण्याच्या इनपुटमध्ये फक्त जेपीईजी आणि पीएनजी मागितलं तर आयफोन बहुधा स्वतःच जेपीईजी करून देतो, तरी सर्व्हरवर पकडायची तयारी ठेवा.

प्रकार बरोबर आला म्हणजे फाइल निर्धोक झाली असं नाही. खऱ्या जेपीईजीच्या कॉमेंटमध्ये पीएचपी कोड घालता येतो आणि ती फाइल पीएचपीच्या गेटइमेजसाइझ या तपासणीतून बिनबोभाट पास होते. म्हणून अपलोडचा फोल्डर वेबरूटच्या (वेबवर उघड्या असलेल्या फोल्डरच्या) बाहेर, फाइलला नाव तुम्ही दिलेलं आणि रँडम, आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालण्याची सोय नाही. या तिन्ही गोष्टी हव्यातच.

चित्र उघडण्याआधी त्याची लांबी-रुंदीही बघा. डिस्कवरचा आकार आणि मेमरीतला आकार यांचा एकमेकांशी संबंध नसतो. जीडी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट घेतं. ४००० बाय ३००० चा फोटो फाइल म्हणून ४ एमबी असला तरी उघडल्यावर ४८ एमबी होतो. हल्लीच्या फोनचा ५० मेगापिक्सेलचा फोटो २०० एमबी. पीएचपीची मेमरी मर्यादा मुळात १२८ एमबी, म्हणजे स्क्रिप्ट मधेच मरते आणि तुम्हाला पांढरं पान दिसतं. पीएचपी स्वतःसोबतच्या जीडीऐवजी सिस्टिमच्या जीडीवर बांधलेलं असेल तर ही मेमरी त्या मर्यादेत मोजलीच जात नाही, आणि थेट सर्व्हरची रॅम खाल्ली जाते. एकसारख्या रंगाची ३०,००० बाय ३०,००० ची पीएनजी फाइल म्हणून अगदी लहान असू शकते, पण उघडली की ३.६ जीबी. ६ कोटी पिक्सेलच्या वरचं सगळं उघडण्याआधीच परत पाठवा.

आडवे फोटो: फोन उभा धरला तरी सेन्सर आडवंच चित्र लिहितो आणि सोबत एक्झिफमध्ये (फाइलमध्येच ठेवलेली फोटोची माहिती) नोंद करतो, ‘दाखवताना फिरवा’. या ओरिएंटेशनच्या नोंदीला १ ते ८ किंमती असतात. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश. ब्राउझर ही नोंद पाळतो, म्हणून मूळ फोटो तुम्हाला सरळ दिसतो. जीडी चित्र उघडताना ती पाळत नाही आणि जतन करताना एक्झिफ टाकून देतं, म्हणून लहान केलेली प्रत आडवी पडते. उपाय क्रमात आहे: आधी नोंद वाचून पिक्सेल प्रत्यक्ष फिरवायचे, मग एक्झिफ पुसायचं. पुसायचं मात्र नक्की. लोकेशन चालू असेल तर त्यात जीपीएस असतं, आणि घरी काढलेल्या फोटोतून दुकानदाराच्या घराचा पत्ता जगजाहीर होतो.

रंगाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण चादर विकली जाते रंगावर. आयफोन आणि काही अँड्रॉइड फोन रंग डिस्प्ले पी३ या मोजपट्टीत लिहितात आणि तसं प्रोफाइल (कोणती मोजपट्टी ते सांगणारी चिठ्ठी) फाइलला जोडतात. वेबवरची नेहमीची मोजपट्टी एसआरजीबी, तिच्यातला शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच लाल पी३ मध्ये साधारण २३४, ५१, ३५ असा लिहिला जातो. प्रोफाइल सोबत असेल तोवर दोन्ही सारखेच दिसतात. जीडी प्रोफाइल फेकून देतं आणि आकडे तसेच ठेवतं. मग ब्राउझर २३४, ५१, ३५ हे एसआरजीबी समजून वाचतो आणि झळझळीत लालाचा विटकरी होतो. गिऱ्हाइकाला पार्सलमध्ये वेगळाच रंग हातात पडतो आणि माल परत येतो. प्रोफाइल पुसण्याआधी रंग एसआरजीबीत रूपांतरित करायला हवेत, आणि ते जीडीला येत नाही. (ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोतली रंगाची झाक याने जाणार नाही, तो फोटो दिवसा दारात काढायला सांगा.)

दुसरी बाब विणीची. ४००० पिक्सेलचा फोटो ४०० वर आणताना मूळच्या १० बाय १० म्हणजे १०० पिक्सेलचा एक होतो. जीडीचं इमेजकॉपीरिसाइझ्ड त्या शंभरातला एकच उचलतं. टेरी टॉवेलच्या फाशांची ओळ किंवा बारीक चौकडी ठराविक अंतराने येते, आणि हे उचलणंही ठराविक अंतरानेच होतं. दोन्ही एकमेकांवर पडली की कापडात नसलेल्या लाटा दिसतात. इमेजकॉपीरिसॅम्पल्ड सरासरी काढतं, तिथे लाटा जवळपास नाहीशा होतात. एका शब्दाचा बदल आहे, आजच करा. मूळ फोटोतच लाटा असतील तर मात्र त्या कॅमेऱ्यात तयार झाल्या आहेत; एक पाऊल पुढे-मागे होऊन फोटो पुन्हा घ्यावा लागेल.

तिसरी बाब जेपीईजीची. ती उजेड-अंधार पूर्ण बारकाईने ठेवते, पण रंग सहसा दर चार पिक्सेलमागे एकच ठेवते. याला ४:२:० म्हणतात. निसर्गचित्रात हे डोळ्याला जाणवत नाही. लाल जमिनीवर काळ्या रेघांची जॅकार्ड किनार असेल, तर लाल रंग काळ्यात उतरल्यासारखा दिसतो, जणू चादरीचा रंग जातोय. झूम करून बघायच्या मोठ्या चित्रासाठी ४:४:४ आणि क्वालिटी ९० ठेवा. यादीतल्या लहान चित्राला ४:२:० आणि ८० पुरे. लॉसी वेबपी (थोडा बारकावा सोडून फाइल लहान करणारा प्रकार) नेहमीच ४:२:० असते, म्हणून किनारीच्या मोठ्या चित्राला मी जेपीईजीच वापरेन.

या सगळ्यासाठी माझा सल्ला: जीडी सोडा, लिबव्हिप्स ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी घ्या. उबंटूवर लिबव्हिप्स-टूल्स पॅकेज टाकलं की व्हिप्सथंबनेल ही कमांड मिळते. ती फोटो स्वतःच सरळ करते, आउटपुट प्रोफाइल एसआरजीबी दिलं की रंगही बदलून देते, आणि क्वालिटी ९० किंवा त्याहून जास्त असेल तर ४:४:४ आपोआप लावते. मुख्य म्हणजे जेपीईजी उघडतानाच ती निम्म्या, पाव किंवा एकअष्टमांश आकारात उघडू शकते, त्यामुळे पूर्ण फोटो रॅममध्ये यावा लागत नाही. २ जीबीच्या सर्व्हरवर हा फरक फार मोठा आहे.

हे काम अपलोडच्या रिक्वेस्टमध्येच करू नका. फाइल ठेवा, डेटाबेसमध्ये ‘आला’ अशी नोंद करा, दुकानदाराला लगेच उत्तर द्या. मागे चालणारा एकच प्रोग्राम (वर्कर) एकेक फोटो घेऊन ‘तयार’ किंवा ‘बिघडला’ अशी नोंद बदलेल. चार दुकानदारांनी एकदम वीस-वीस फोटो टाकले तरी रांग लांबेल, सर्व्हर पडणार नाही.

४००, ८०० आणि १६०० रुंदीच्या तीन प्रती करा आणि इमेज टॅगला सोर्ससेट (प्रतींची यादी) लावून ब्राउझरला निवडू द्या. यादीत ४० फोटो ४ एमबीचे म्हणजे १६० एमबी. तेच ४०० रुंदीचे, प्रत्येकी ४० केबीच्या आसपास धरले, तर दीड एमबीच्या थोडं वर. इमेज टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो येईल तसं पान खाली ढकललं जातं. लेझी लोडिंग (फोटो नजरेत येईल तेव्हाच उतरवणं) पहिल्या दोन ओळींना नको, खालच्यांना हवं. फोटो बदलला की फाइलचं नाव बदला, आणि कॅशची (ब्राउझरने जपून ठेवलेल्या प्रतीची) मुदत बिनधास्त एक वर्ष, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद, ठेवा.

मूळ फाइली पुसू नका. २०० वस्तू, प्रत्येकी ५ फोटो, ४ एमबीचा एक, म्हणजे सगळे मिळून ४ जीबी. उद्या १६०० ऐवजी २००० हवं झालं तर त्यातूनच नव्या प्रती निघतील. बॅकअपही मूळ फाइलींचाच घ्या. प्रती पुन्हा करता येतात.

आता साइटवर आधीच पडलेल्या फोटोंचं. मूळ फाइली शिल्लक असतील तर रात्री सगळ्या त्याच रांगेत टाका, सकाळपर्यंत सरळ आणि योग्य रंगात तयार होतील. जीडीने मूळ फाइलवरच लिहिलं असेल, तर फिरवण्याची नोंद आणि प्रोफाइल दोन्ही गेलेलं आहे. आडवे फोटो अ‍ॅडमिन पानावर ‘फिरवा’ बटण देऊन हाताने सरळ करता येतील. फिके पडलेले मात्र दुकानदाराकडून पुन्हा मागवा, आणि फोनमधली मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आधीच लहान झालेली असते.