अल्टरनेटिव्ह कंट्री आणि नेहमीचं कंट्री संगीत यांत नेमका फरक काय?

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं लोकप्रिय संगीत. गिटार, बँजो, फिडल (गावरान ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन) दोन्हीकडे ऐकू येतात, मग ऑल्ट-कंट्रीला (म्हणजे अल्टरनेटिव्ह कंट्रीला) वेगळं का मानायचं, असं तुम्ही विचारलंय. सुरुवातीला मीही वाद्यांतच फरक शोधत बसलो होतो आणि गोंधळलो होतो. गाणं कुणाच्या कानासाठी घडवलंय ते पाहिलं, तेव्हा उलगडा झाला.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी कंट्रीतला गावरान खरखरीतपणा तासून काढला. फिडल आणि स्टील गिटार मागे गेली, व्हायोलिनचा ताफा आणि कोरस पुढे आला. शहरातल्या रेडिओ ऐकणाऱ्यांनाही ते रुचावं, हा हेतू. त्यातून गायिका पॅट्सी क्लाइनची अप्रतिम गाणीही मिळाली, त्यामुळे या धारेला मी नावं ठेवणार नाही. पण गाणं एकाने लिहायचं, दुसऱ्याने गायचं, स्टुडिओतल्या कसलेल्या वादकांनी वाजवायचं आणि रेडिओला चालेल असं गुळगुळीत करायचं, ही रीत पक्की झाली. १९९१ मध्ये कंट्री गायक गार्थ ब्रुक्सचा अल्बम पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या संगीत-साप्ताहिकाच्या) खपाच्या मुख्य यादीत पहिला आला. कंट्रीत हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

त्याच सुमारास इलिनॉयमधल्या बेलव्हिलची अंकल टुपेलो ही तिघांची बँड-मंडळी पंकची (म्हणजे वेगवान, बंडखोर रॉकची) कर्कश गिटार घेऊन जुन्या गाण्यांकडे वळली. त्यांच्या १९९० च्या पहिल्या अल्बमचं नाव 'नो डिप्रेशन'. हे डिप्रेशन म्हणजे अमेरिकेतली महामंदी. मूळ गाणं कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक-कुटुंबाने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. स्वर्गात तरी मंदी नसेल, अशी त्यातली आस. पुढे त्यांनी एक संपूर्ण अल्बम पाच दिवसांत केला आणि त्याला त्या तारखांचंच नाव दिलं: १६ ते २० मार्च १९९२. विजेची गिटार बाजूला, खाणकामगारांची जुनी गाणी, उघडा आवाज. मला ऑल्ट-कंट्री खऱ्या अर्थाने इथे कळलं. नाव 'अल्टरनेटिव्ह', पण नातं थेट आजोबांच्या पिढीशी!

१९९५ मध्ये सिॲटलला याच संगीताचं मासिक निघालं, त्याचंही नाव 'नो डिप्रेशन'. अंकल टुपेलो तोवर फुटली होती. तिच्यातून विल्को आणि सन व्होल्ट हे दोन बँड निघाले.

सीमारेषा मात्र धूसर आहे. ऑल्ट-कंट्रीत गणल्या जाणाऱ्या गायिका लुसिंडा विल्यम्सच्या १९९८ च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते समकालीन लोकसंगीत विभागात. जॉनी कॅशसारखा दिग्गज कंट्री गायक नव्या कंट्री रेडिओवर जवळजवळ ऐकू येईनासा झाला होता; १९९४ मध्ये तो फक्त आपला आवाज आणि एक गिटार घेऊन परतला, तेव्हा ऑल्ट-कंट्रीवाल्यांनी त्याला आपलाच मानलं.

सुरुवात करायची तर कार्टर फॅमिलीचं ते मंदीचं गाणं आणि अंकल टुपेलोने गायलेलं तेच गाणं लागोपाठ ऐका, शक्यतो हेडफोन लावून.