निंदताना सापडलेल्या काळ्या किड्याच्या मागे तीन काटे होते. तो डंख मारतो का?

पऱ्हाटी निंदताना तुमच्या आईच्या हातावर ढेकळाखालून काळा किडा उडाला, मागे तीन काटे, मधला सुईसारखा लांब, आणि तेव्हापासून त्या वावरात जायला घाबरतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, ती रातकिड्याची मादी होती. त्या सुईत विष नाही आणि ती माणसाला टोचतही नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो, किडे बघायचा नाद लहानपणापासूनचा. मागच्या पावसाळ्यात अशीच एक मादी बरणीत ठेवली होती, तळाला चार बोटं ओली काळी माती. दिवेलागणीला तिनं पाय ताठ केले, पोट उचललं, सुई उभी धरली आणि दाबत दाबत पार बुडापर्यंत मातीत रुतवली. जराशानं उपसली, थोडं सरकून पुन्हा तेच. सकाळी माती उकरली तर फिकट पिवळी, किंचित वाकडी अंडी, जिऱ्याहूनही बारीक. ती सुई म्हणजे अंडी घालायची नळी. अंड्यांना ओल हवी, म्हणून तिला एवढी लांबी.

बाजूचे दोन काटे नरालाही असतात. त्यांच्यावर बारीक केस असतात आणि हवा जराशी हलली तरी त्यांना कळतं. रातकिड्याच्या मागून हळूच फुंकर घालून बघा, टुणकन उडेल. झुरळावर चप्पल उगारली की ती पडायच्या आधीच ते पळतं, तेही अशाच दोन काट्यांमुळे. नराला मधली सुई नसते. रात्री धुऱ्यावर किर्र करतो तो नरच, पंखावर पंख घासून.

आईंची भीती अगदीच बिनबुडाची नाही. मधमाशीचा, गांधीलमाशीचा डंख म्हणजे हीच नळी, बदलत बदलत विषाची सुई झालेली. म्हणून डंख फक्त माद्यांना असतो.

आणि हीच नळी आपल्या कपाशीच्या कामाचीही आहे. बोंडअळीसाठी पानाला ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकीटक आत वाढत असलेली बारीक अंडी चिकटवलेला कागद, टाचतो ना, त्यातून निघणारी माशी गांधीलमाशीच्याच गोतातली, पण मिलिमीटरभरही नसते. ती बोंडअळीच्या अंड्यात नळी खुपसून आपलं अंडं घालते आणि त्या अंड्यातून अळी निघतच नाही. तुम्ही कार्ड लावत असाल तर त्यानंतर काही दिवस कीटकनाशकाचा पंप बाहेर काढू नका. ती माशी फवाऱ्यात टिकत नाही.