अ‍ॅडमिशनच्या निर्णयाची वाट पाहताना

पोर्टल दर तासाला उघडून निर्णय लवकर येत नाही. सकाळी एकदा, रात्री एकदा बघ, बास. ईमेलचा स्पॅम फोल्डर मात्र रोज तपास. राहिलेल्या कागदपत्राची मागणी नेमकी तिथे जाऊन पडते आणि अर्ज अपूर्ण म्हणून अडकतो. मित्राला आधी कळलं म्हणजे तुझं गेलं, असं नसतं. बरीच कॉलेजं टप्प्याटप्प्याने कळवतात. प्रतीक्षायादीत नाव आलं तर यादीत राहायचंय की नाही ते मुदतीत कळव (बरेच जण इथेच गाफील राहतात), पण त्या भरवशावर हातातली जागा सोडू नकोस. शुल्काची शेवटची तारीख आणि परताव्याचे नियम आत्ताच वाचून ठेव. ‘काय झालं अ‍ॅडमिशनचं?’ विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तरं द्यायचं काम खुशाल घरच्यांवर सोपव.