‘माझी हरकत नाही’ म्हणजे पाठिंबा नव्हे

‘मालक नाही म्हणत नाहीत, पण सुधारणा पुढेही सरकत नाही’ ही तक्रार माझ्याकडे येणारे मधल्या फळीतील बहुतेक अधिकारी करतात. सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात उत्पादन पाहणारे गृहस्थ मागच्या वर्षी हीच तक्रार घेऊन आले. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये शेडचा, म्हणजे रंगछटेचा, फरक पडे आणि माल पुन्हा रंगवावा लागे. टँकरच्या पाण्याचा कठीणपणा तपासावा, मीठ व सोडा मोजून घालावा आणि प्रत्येक लॉटची वेळ व तापमान कार्डावर नोंदवावे, एवढीच त्यांची योजना होती. मालकांनी ‘करा, माझी हरकत नाही’ म्हटले. पण ऑर्डरची घाई सुरू होताच रंगाईचे काम पाहणाऱ्या डाइंग मास्तरांनी कार्डे बाजूला ठेवली आणि यांची बाजू घ्यायला कोणीच आले नाही.

त्यांची फाइल मी पाहिली. तक्ते, आलेख, कारणांची वर्गवारी असे सारे नीट होते, परंतु हा दोष कारखान्याला कितीला पडतो, हे कुठेच नव्हते. गुणवत्ता व्यवस्थापनाचे अभ्यासक जोसेफ ज्युरान यांचे म्हणणे होते की वरिष्ठांची भाषा पैशाची असते, यंत्रापाशी काम करणाऱ्यांची वस्तूंची, आणि मधल्या अधिकाऱ्याला या दोन्ही भाषा याव्या लागतात. माझ्या अनुभवात हे अगदी खरे ठरले आहे.

मी त्यांना एका महिन्यात पुन्हा रंगवलेल्या लॉटचा रंग, वाफ, पाणी, मजुरी आणि सेकंड्समध्ये, म्हणजे दुय्यम प्रतीत, गेलेल्या मालाचा तोटा एका कागदावर मांडायला सांगितले. आकडे लेखापालांकडूनच घ्यावेत, असा माझा आग्रह होता, कारण आपण काढलेल्या आकड्यावर वाद होतो. हिशेबाच्या वहीतल्या आकड्यावर सहसा होत नाही. मागणीही बदलली. संपूर्ण विभागाऐवजी एकच यंत्र, सहा आठवडे, आणि दर सोमवारी मालकांनी रंगाई विभागात येऊन पंधरा मिनिटे कार्डे पाहायची. ही पंधरा मिनिटे मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती, कारण वरिष्ठ कशासाठी वेळ काढतात, यावरून कामगार त्या कामाची किंमत ठरवतात.

मास्तरांना आधी भेटा, हेही मी बजावले. तीस वर्षे नजरेने शेड जुळवणाऱ्या माणसाला कार्ड हा अविश्वास वाटू शकतो.

मालकांसमोर या गृहस्थांनी हिशेबाच्या त्या कागदाशेजारी एकाच ऑर्डरमधले दोन निळे टॉवेल खिडकीच्या उजेडात ठेवले. मालकांनी ते बराच वेळ उलटसुलट पाहिले आणि मास्तरांना बोलावून घेतले. तिसऱ्या सोमवारी पाण्याच्या नोंदीचा रकाना रिकामा दिसला, तेव्हा त्याबद्दल मालकांनी स्वतःच विचारले.